बेडलिंग्टनचा लर्चर: जोडी निवडण्यापासून पिल्लू रानात उतरवण्यापर्यंत

वेगासाठी व्हिपेट किंवा ग्रेहाउंड (दोन्ही सडपातळ, शर्यतीच्या जाती; व्हिपेट लहान, ग्रेहाउंड मोठा) घ्यायचा, नाकासाठी, चिवटपणासाठी आणि काटेरी झुडपात घुसायच्या हिमतीसाठी टेरिअर किंवा मेंढपाळी कुत्रा घ्यायचा, आणि दोघांचा संकर करायचा. अशा कुत्र्याला ब्रिटनमध्ये लर्चर म्हणतात. टेरिअरचं रक्त घालायचं ठरलं की तिथली मंडळी बहुतेक वेळा बेडलिंग्टन या टेरिअर जातीकडे वळतात. बाकीचे बरेच टेरिअर आखूड पायांचे किंवा चौकोनी बांध्याचे. त्यांचा संकर ग्रेहाउंडची चाल मोडतो. बेडलिंग्टनची कंबर मुळातच कमानदार, पाय लांब, पंजे सशासारखे लांबट. खांद्यापाशी उंची ४१ सेंमीच्या आसपास, वजन साधारण ८ ते १०.५ किलो. त्यामुळे धावण्याचा साचा फारसा बिघडत नाही आणि टेरिअरचा हट्ट फुकटात मिळतो. (हट्ट नको असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, मेंढपाळी कोली घ्या.)

ही जात इंग्लंडच्या ईशान्येकडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यातली. आधी तिला रॉथबरी टेरिअर म्हणत. बेडलिंग्टन गावच्या जोसेफ एन्स्ली नावाच्या गवंड्याने १८२५च्या सुमारास आपल्या कुत्र्याला गावाचं नाव दिलं. खाणकामगारांनी ती उंदीर-घुशी मारायला आणि सशांमागे सोडायला सांभाळली. १८७७ साली नॅशनल बेडलिंग्टन टेरिअर क्लब निघाला, आणि तिथून प्रदर्शनातला कातरलेल्या कोकरासारखा बेडलिंग्टन आणि रानातला बेडलिंग्टन यांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. पैदाशीत पहिली चूक होते ती याच फाट्यावर.

आधी कायदा, आणि ‘ससा’ या शब्दाचा घोळ

मराठीत ‘ससा’ म्हटलं की काम भागतं. ब्रिटनमध्ये भागत नाही. बिळात कळपाने राहणारा तो रॅबिट. उघड्या रानात एकटा राहणारा, लांब कानांचा आणि मोठा तो हेअर. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४चा हंटिंग अ‍ॅक्ट १८ फेब्रुवारी २००५पासून लागू आहे. त्यानुसार जमीनमालकाच्या किंवा कसणाऱ्याच्या परवानगीने कुत्र्याकडून रॅबिट आणि उंदीर-घुशी मारता येतात. हेअरच्या मागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे. गोळी लागलेला हेअर शोधून आणण्यापुरती सूट आहे. स्कॉटलंडच्या २०२३च्या कायद्याने रॅबिटलाही संरक्षित प्राण्यांत घेतलं, म्हणून इंग्लंडमधली पद्धत सीमेपलीकडे जशीच्या तशी चालत नाही. परवानगी तोंडी न ठेवता लेखी घ्या, आणि रात्री बाहेर पडताना तो कागद खिशात असू द्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच: आपल्या माळावरचा ससा हा हेअर आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे, मग कुत्रा कारवान असो वा कोणताही संकर. हा लेख ब्रिटनमधल्या कामाबद्दल आहे, आणि पुढे नुसतं ‘ससा’ म्हटलं की रॅबिटच समजा.

काम ठरवा, मग संकर

‘चांगला लर्चर’ असं मोघम काही नसतं. जमीन कशी आहे आणि काम कोणतं आहे, यावर मापं ठरतात.

फेरेटिंग म्हणजे मुंगसाच्या अंगकाठीचं पाळीव फेरेट बिळात सोडायचं, बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, आणि जाळीतून निसटलेला रॅबिट कुत्र्याने धरायचा. इथे लांब पल्ल्याचा वेग कामाचा नाही. कुत्र्याने कोणतं बीळ वसतं आहे ते वासाने दाखवावं, गप्प उभं राहावं, फेरेटला तोंड लावू नये आणि वीस पावलांत झडप घालावी. लहान शेतं, कुंपणाच्या दाट झाडोऱ्यातलं काम असेल तर बेडलिंग्टन आणि व्हिपेटचा पहिला संकर घ्या. उंची साधारण १८ ते २० इंच, वजन ११ ते १५ किलो. खायला कमी, गाडीत मावणारा, झुडपात घुसणारा.

लॅम्पिंग म्हणजे रात्री दिव्याच्या झोतात चरणारा रॅबिट दाखवून कुत्रा सोडणं. मोठी, उघडी शेतं असतील तर व्हिपेटचा संकर तिथे दमतो किंवा उशिरा पोचतो. अशा ठिकाणी बेडलिंग्टन आणि ग्रेहाउंडचा पहिला संकर, २० ते २४ इंच. किंवा त्याच संकरातली मादी पुन्हा ग्रेहाउंडला लावून आलेला पाऊण-ग्रेहाउंड, २४ ते २६ इंच. उंची वाढेल तसा सरळ वेग वाढतो, पण वळण्याची चपळाई कमी होते आणि तारेवर, दगडावर आपटल्यावरची इजा मोठी होते. एकच कुत्रा ठेवायचा असेल आणि काम मिश्र असेल, तर २१ इंचाच्या आसपासचा कुत्रा बरा. २५ इंची कुत्र्याचा दिमाख सगळ्यांना आवडतो, पण बिळांच्या बांधावर त्याचं करायचं काय, हे विचारणारे थोडे.

बेडलिंग्टनची बाजू: इथेच सगळं ठरतं

तीन गोष्टी पाहा आणि या क्रमाने पाहा.

पहिली, यकृत. या जातीत तांबं यकृतात साचत जाण्याचा आनुवंशिक रोग आहे. कॉमडी१ नावाच्या जनुकातला एक तुकडा गळालेला असतो. हे २००२मध्ये सापडलं आणि त्यासाठी आता डीएनए चाचणी मिळते. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात. दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच कुत्रा आजारी पडतो. बेडलिंग्टन वाहक (एकच दोषी प्रत असलेला, स्वतः निरोगी) असेल आणि व्हिपेटमध्ये हा दोष नसेल, तर पिल्लांपैकी सरासरी निम्मी वाहक निघतात, आजारी एकही नाही. बेडलिंग्टन स्वतः दोन्ही दोषी प्रती घेऊन असेल तर सगळीच पिल्लं वाहक. ‘संकर आहे, म्हणजे निरोगी’ असं म्हणणारे पहिल्या पिढीत बरोबर ठरतात. पुढच्या पिढीत वाहकाला वाहक लावला की सरासरी चारातलं एक पिल्लू रोगी. ते दोन-तीन वर्षं धडधाकट धावतं आणि मग खाणं सोडतं, उलट्या करतं, डोळ्यांत पिवळेपणा येतो. तोवर यकृत बरंच गेलेलं असतं. म्हणून ‘नॉर्मल’ निकालाचा कागद पाहिल्याशिवाय नर वापरू नका. हा तुकडा शाबूत असूनही तांबं साचलेले बेडलिंग्टन आढळले आहेत, तेव्हा नराची यकृताची रक्ततपासणीही सोबत करून घ्या.

दुसरी, काम. नर प्रत्यक्ष रानात पाहा. वंशावळीतली बक्षिसं इथे उपयोगाची नाहीत. काटेरी झुडपात स्वतःहून घुसतो का? बिळापाशी थांबून वास घेतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, धावताना भुंकतो का? भुंकत धावणारा लर्चर रात्री दुसऱ्याच सशापर्यंत अख्खं शेत रिकामं करतो. टेरिअर बिळात भुंकला तर तो गुण आहे, पण उघड्यावर नजरेसमोरच्या सशामागे भुंकणारा नर सोडून द्या. दुसरा खोडा म्हणजे कुत्र्यांशी भांडण. बेडलिंग्टन घरात मऊ असतो, पण एकदा जुंपलं की सोडत नाही. इतर कुत्र्यांसोबत गाडीत शांत बसणारा नरच घ्या.

तिसरी, केस. प्रदर्शनातल्या ओळींचे (वंशांचे) केस मऊ आणि कापसासारखे दाट असतात; त्यात गोखरू, चिखल आणि बर्फाचे गोळे अडकतात. हातात घेऊन पाहिल्यावर मऊ लोकरीत कुरकुरीत राठ केस मिसळलेले लागले पाहिजेत. डोळे आणि गुडघ्याच्या वाट्या पशुवैद्याकडून तपासून घ्या. दृष्टिपटलाचा जन्मजात दोष आणि अश्रुनलिका बंद असणं, दोन्ही या जातीत आढळतं.

धावणारी बाजू

व्हिपेट मादी घेताना हृदयाची कुरकुर ऐकून घ्या. झडपेचा आजार त्यांच्यात दिसतो. शर्यतीच्या ओळींतली असेल तर मायोस्टॅटिनची चाचणी करा. या जनुकाची एक दोषी प्रत कुत्र्याला वेगवान करते, दोन प्रती आल्या की पैलवानासारखा फुगलेला, कामाला निरुपयोगी ‘बुली’ व्हिपेट जन्मतो. बेडलिंग्टनशी केलेल्या संकरात बुली येणार नाही, पण पुढे परत व्हिपेट लावणार असाल तर माहीत असलेलं बरं.

ग्रेहाउंड मादी बहुधा ट्रॅकवरून निवृत्त झालेली मिळते. शर्यतीच्या काळात अनेक माद्यांचा माज औषधाने दाबलेला असतो, त्यामुळे निवृत्तीनंतरचा पहिला माज विश्वासाचा नसतो. एक नीट माज जाऊ द्या. जुन्या इजा तपासा, विशेषतः मागच्या पायाचं टाच-सांध्याजवळचं हाड आणि पुढच्या पायांची बोटं. इजेमुळे निवृत्त झालेली मादी चालेल, चालीतला जन्मजात दोष असलेली चालणार नाही. ‘ग्रेहाउंड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मादीत कोलीचं रक्त असण्याची शंका असेल तर एमडीआर१ची चाचणी जोडा. तो दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त मात्रेत जिवावर बेततात.

नर कोण आणि मादी कोण? मादी मोठ्या जातीची ठेवा. व्हिपेट किंवा ग्रेहाउंड मादीला जागा असते, पिल्लं जास्त होतात, विताना अडत नाही, आणि पिल्लांच्या पहिल्या आठ आठवड्यांवर शांत आईचा संस्कार होतो. ४१ सेंमीचा नर ७० सेंमीच्या मादीपर्यंत पोचत नाही ही अडचण खरी आहे. मादीला उताराच्या खालच्या अंगाला उभं करा किंवा नराला रबरी चटई टाकलेला घट्ट फळीचा चौथरा द्या. गवताच्या सैल गठ्ठ्यावर नराचा पाय घसरतो आणि तो पुन्हा चढायलाच तयार होत नाही.

दुसरी पिढी ही पहिलीची नक्कल नसते

पहिला संकर देखणा आणि एकसारखा निघाला की मालकाला वाटतं, आता यातलाच नर आणि मादी एकमेकांना लावू, ओळ तयार होईल. तसं होत नाही. दाढी-मिशा देणारं जनुक प्रभावी आहे. शुद्ध बेडलिंग्टनकडे त्याच्या दोन प्रती असल्याने गुळगुळीत व्हिपेटशी झालेल्या पहिल्या संकरात सगळ्यांना दाढी येते. केस लांब करणारं जनुक मात्र अप्रभावी, त्यामुळे त्याच पिल्लांचे केस मध्यम आणि आटोपशीर राहतात. लर्चरचे प्रसिद्ध राठ केस यातून येतात. आता संकराला संकर लावा. सरासरी चारातलं एक पिल्लू बिनदाढीचं निघेल, चारातल्या एकाला लांब, लोकरी केस येतील. उंचीचंही तेच: एकाच वेतात एक पिल्लू टेरिअरएवढं, एक ग्रेहाउंडाएवढं. त्यातलं हवं ते एखादंच, आणि बाकीच्यांना घर शोधत बसायचं.

पहिल्या संकरातल्या मादीला परत व्हिपेट किंवा ग्रेहाउंड लावणं जास्त सुरक्षित. निम्मी पिल्लं गुळगुळीत निघतील, वेग वाढेल, तांब्याच्या रोगाचा धोका पुढे सरकणार नाही. परत बेडलिंग्टन लावणं फक्त झुडपात घुसणारा छोटा कुत्रा हवा असेल तर, आणि दोन्ही बाजूंच्या डीएनएचे कागद हातात असतील तरच. वेताआधी प्रत्येक पिल्लाचं घर ठरलेलं असावं. नसेल तर जोडच लावू नका.

जोड, गाभण काळ, वेत

मादी किमान दोन वर्षांची, एक पूर्ण हंगाम काम केलेली आणि पाचच्या आतली असावी. कामात न पाहिलेल्या मादीचं वेत हा जुगार आहे.

‘रक्त दिसल्यापासून अकरावा आणि तेरावा दिवस’ हा ठोकताळा बऱ्याचदा चुकतो, कारण काही माद्या नवव्या दिवशी तयार होतात, काही विसाव्या. माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजा. दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरला १६ नॅनोमोल, आकडा आला की बीजं सुटली. ती पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. सुटल्यापासून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी जोड लावा. नर-मादी पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अडकून राहतात. उंचीत फरक असताना मादी बसू नये म्हणून दोन माणसं लागतात. व्यायची तारीख बीज सुटल्यापासून ६३व्या दिवसाच्या मागेपुढे एक दिवस. जोडीच्या दिवसापासून मोजलं तर आठवडाभर इकडेतिकडे होतं.

२८व्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी. खाणं पहिले पाच आठवडे नेहमीएवढंच. सहाव्यापासून वाढवत शेवटी दीडपटीच्या आत. कॅल्शियमच्या गोळ्या गाभण काळात देऊ नका. त्यामुळे शरीर स्वतःचं कॅल्शियम हाडांतून काढायला आळसावतं आणि दूध सुरू झाल्यावर मादीला झटके येतात. ४०व्या दिवसापासून वेतानंतर दोन दिवसांपर्यंत रोज किलोला २५ मिलिग्रॅम फेनबेंडाझोल दिलं की आईकडून पिल्लांत जाणारे जंत बरेच कमी होतात. मात्रा पशुवैद्याकडून पक्की करून घ्या.

व्यायची पेटी ग्रेहाउंड मादीला १२० बाय १२० सेंमी, आत चारी बाजूंनी तळापासून १० सेंमी उंच कठडा, म्हणजे पिल्लू आई आणि भिंतीमध्ये चिरडत नाही. गुदद्वारातलं तापमान ३७ अंशांखाली उतरलं की साधारण चोवीस तासांत वेण येते. अर्धा तास जोरात कळा देऊन पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त अंतर आणि आत पिल्लं बाकी, किंवा पहिल्या पिल्लाआधी हिरवट स्राव: यांपैकी काहीही झालं तर फोन नको, थेट गाडी काढा. शस्त्रक्रिया करायची झाली तर मादी ग्रेहाउंडच्या रक्ताची आहे हे आवर्जून सांगा; काही भुलीची औषधं या कुत्र्यांच्या शरीरातून हळू उतरतात.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात २८ ते ३० अंश ऊब. रोज त्याच वेळी वजन करून वहीत लिहा. पहिल्या दिवशी दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, दुसऱ्या दिवशीही घटत असेल तर पिल्लू दूध ओढत नाही किंवा गार पडलं आहे. दहाव्या दिवसापर्यंत वजन दुप्पट व्हायला हवं. पुढचे अंगठे काढू नयेत असं आमचं मत. वेगात वळताना ते जमिनीला टेकतात.

इंग्लंडमध्ये बारा महिन्यांत तीन वेतं झाली किंवा विक्रीचा धंदा म्हणून पैदास केली तर २०१८च्या नियमांनुसार परवाना लागतो. पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत मायक्रोचिप, आणि त्याआधी विक्री नाही.

पिल्लू कसं निवडायचं

दोनदा जा: पाच आठवड्यांचं असताना आणि आठ आठवड्यांचं असताना. आई समोर असलीच पाहिजे. ‘आई शेतावर आहे’ म्हणाले की परत फिरा. वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसतात का, बेंबीला गाठ आहे का, नराच्या दोन्ही गोळ्या उतरल्या आहेत का, हे हातानेच पाहा. उभं करून खांदा मागे झुकलेला आणि कंबर लांब आहे का, ते पाहा. पाय जाड आणि बोजड दिसला तर वेग येणार नाही.

मग सशाच्या कातड्याची गुंडाळी दोरीला बांधून जमिनीवरून ओढा. धावून पकडणारी बहुतेक निघतील. त्यांतलं पकडून तुमच्याकडे घेऊन येणारं पिल्लू हवं. कोपऱ्यात नेऊन फाडणारं पुढे सशाच्या फासळ्या मोडेल. धावताना किंचाळणारं पिल्लू, कितीही चपळ असलं तरी, राहू द्या.

पहिलं वर्ष

फेरेटची ओळख नवव्या-दहाव्या आठवड्यापासून: फेरेट जाळीच्या पेटीत, पिल्लू बाहेर, रोज दहा मिनिटं, खाणं त्याच्या शेजारी. मेंढ्यांची सवय तीन ते सहा महिन्यांत, कायम दोरीवर. मेंढीकडे रोखून पाहिलं तरी लगेच ‘नाही’. मेंढीमागे लागलेला कुत्रा शेतकरी गोळी घालून मारू शकतो, आणि बहुतेक वेळा कायदा त्याच्या बाजूने असतो. आणून देण्याचा सराव घरातल्या अरुंद बोळात, जिथे पळायला वाट नसते. उंदीर-घुशींचं काम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. केस वर्षातून दोनदा हाताने उपटून हलके करा. कातरले तर राठ केस मऊ पडत जातात. कानाच्या आत केस वाढतात, ते महिन्यातून एकदा काढा.

दहा महिन्यांपर्यंत ससा दाखवू नका. हाडांची टोकं मिटलेली नसतात, आणि सारखं हरणारं पिल्लू पाठलागच सोडून देतं. रात्रीचं पहिलं काम वर्षाच्या पुढे: काळोखी, वाऱ्याची रात्र, लहान शेत, झाडोऱ्यापासून लांब बसलेला ससा. दोन-तीन धावा झाल्या की दिवा बंद. पंधरा मिनिटं दोरीवर चालवत आणा, पाणी थोडं थोडं द्या, मग उजेडात बोटांच्या बेचक्या उघडून कुसळ आणि चिरा बघा, आणि अंग टॉवेलने कोरडं करूनच गाडीत घाला.